अलीकडच्या पातीतले पाचवे वर्ष

माझे वडील दरबारांकडे चेंडू टाकण्याच्या नोकरीवर होते. कॉलेजातल्या सोबत्यांना हे सांगितले की त्यांना गंमत वाटते, म्हणून मी फारसे सांगत नाही. इथे लिहितो आहे तेही अडखळतच. आमच्या घरात माझ्याआधी कोणी इतके शिकलेले नाही, त्यामुळे कुठली गोष्ट लिहिण्याजोगी आणि कुठली घरातच ठेवण्याजोगी, हे विचारायला मला माणूस नाही.

माळव्यातल्या दरबारांना क्रिकेटचा नाद लागला होता. छावणीतल्या साहेब लोकांशी सामने होत, एकमेकांशीही होत. बॅट हाती घ्यायला मानकऱ्यांची मुले पुष्कळ होती. उन्हात दिवसभर चेंडू टाकायला मात्र माणूस बाहेरून आणावा लागे. आबा, म्हणजे माझे वडील, दक्षिणेतल्या एका छावणीजवळ वाढले आणि तिथे गोऱ्या शिपायांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा हात तयार झाला. ते डावखुरे होते. चेंडू फार वेगाने येत नसे, पण खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर पडला की आत वळे, आणि बॅट घेतलेला माणूस नेमका तिथे नसे. कोणीतरी धारला पत्र दिले आणि आबा आईला घेऊन धारला आले. माझा जन्म तिथला.

त्यानंतरचा हिशेब मला बोटांवर मोजावा लागतो. धारहून देवास, देवासहून पुन्हा धार, तिथून पुन्हा देवास, मग एक हिवाळा रतलाम, पुन्हा धार, आणि शेवटी देवास. यातले देवास थोडे समजावून सांगायला हवे. त्या एका गावात दोन गाद्या आहेत. दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या, आणि मधून रस्ता. त्यांना थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणतात. आबांनी नोकरी दोन्हीकडे केली. त्यांतली थोरली कुठली आणि धाकटी कुठली ते मी मुद्दाम लिहीत नाही. शेवटची वर्षे आम्ही जिच्या हद्दीत राहत होतो ती आमच्या बोलण्यात अलीकडची पाती, आणि रस्त्यापलीकडे पलीकडची.

आबा इतक्या वेळा का बदलले, असे मला एकदा आमच्या हेडमास्तरांनी विचारले होते. त्यांना वाटले, आबा भांडखोर असतील. तसे काही नव्हते. अशा माणसांना मागून नेण्याची रीत होती. सामना संपला, जेवणे झाली, की पाहुणे दरबार म्हणायचे, तुमचा तो डावखुरा आम्हाला द्या. यजमान खुशीत असले तर देऊन टाकायचे. सामना हरला आणि खापर कोणावर तरी फोडायचे असले तरीही देऊन टाकायचे. कधीकधी आबाच आधी निघत. त्यांना वारा कळायचा. सरावाला बोलावणे उशिरा येऊ लागले की ते घरी येऊन आईला म्हणत, "भांडी आवर."

मग महिनाभरात काल ज्यांच्या हातचा विडा घेतला त्यांच्याच यष्ट्या उडवायची वेळ येई. आबांना त्याचे काही वाटत नसे. ते म्हणत, "चेंडूला काय ठाऊक पगार कुणाचा." आईला मात्र वाटे. धारला आम्हाला घर मिळवून देणाऱ्या सरदारांना आबांनी देवासच्या बाजूने खेळताना पहिल्याच चेंडूवर बाद केले. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा धारला आलो, तेव्हा आई तलावावर त्यांच्या घरच्या बायका असतील ती वेळ टाळून पाण्याला जाई.

या फिरतीमुळे आईने जाते कधी घेतले नाही. जाते उचलून गाडीत घालायचे म्हणजे दोन माणसे लागतात. ती दरवेळी शेजारणीच्या जात्यावर दळायची आणि बदल्यात तिचेही दळून द्यायची. गावोगावच्या शेजारणींची दुःखे तिला त्या जात्यांमुळे पाठ होती.

देवासला चौथे वर्ष सरले तेव्हा नाक्यावरचा पानवाला आबांना रोज छेडायचा.

"क्यों भिया, अब की बार किधर? चार साल हो गये, पाँव नहीं खुजा रहे?"

आबा म्हणायचे, "तू चुना नीट लाव, मी इथंच आहे."

"उधरवाले भी पूछ रहे थे."

"त्यांनाही चुना लाव."

ते थांबले होते त्याचे कारण मी होतो. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. आमच्या पातीकडून इंदूरच्या कॉलेजात शिकायला एका मुलाला शिष्यवृत्ती मिळे. अट अशी की मुलगा मूळ राज्याचा रहिवासी असावा, किंवा त्याच्या बापाची त्या दरबारात सलग पाच वर्षे नोकरी झालेली असावी. मी जन्मलो धारला, घराणे दक्षिणेतले. रहिवासी म्हणून आम्ही कुठलेच नव्हतो. पाच वर्षे हाच एक रस्ता होता, आणि आबांची चार भरली होती. हे कळल्यावर आईने बाजारातून जाते आणले. आबांनी त्याच्याकडे पाहिले आणि खुंटा हलवून पाहिला.

हेडमास्तरांनी सांगितले, अर्ज आताच टाकून ठेव, पाच वर्षांचा दाखला मागाहून जोड. मी तो अर्ज तीनदा लिहिला. शाईचा डाग नको, खाडाखोड नको. त्यात एक रकाना होता, वडिलांची नोकरी. हेडमास्तर वर्गात नेहमी सांगत की सरकारी कागदावर खोटे लिहू नये, आणि मला त्यांचे सगळे खरे वाटायचे. मी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'दरबारतर्फे क्रिकेटचा चेंडू टाकणे, वर्षे चार.' कचेरीत नेऊन दिला, शिपायाने आवक-नोंदीचा शिक्का मारला, आणि मी आनंदात घरी आलो.

आठ दिवसांनी शाळाखात्याच्या कारकुनांनी बोलावले. वयस्क गृहस्थ होते, डोक्यावर दक्षिणी पगडी. माझा अर्ज त्यांच्यापुढे होता.

"हे काय लिहिलंस?"

"खरं तेच लिहिलं."

"खरं कुणी विचारलं होतं? नोकरी विचारली होती. तुझा बाप कुठल्या खात्यात आहे?"

"ते खेळतात."

"ते मला ठाऊक आहे. परवाच त्यानं माझ्या साडूला भोपळा दिला. खातं विचारतो आहे."

मला खरोखरच ठाऊक नव्हते. त्यांनी मग सांगितले ते असे. खेळाडू अशी जागा कुठल्याच दरबारात नसते. ज्याला खेळासाठी आणले त्याचे नाव कुठल्यातरी खात्याच्या हजेरीपटावर लावतात, आणि त्याने त्या खात्याचे काम करून उरल्या वेळी खेळावे असे धरलेले असते. कोणाचे नाव बागेत असते, कोणाचे पागेत. आबांचे नाव फरासखान्यात होते. फरासखाना म्हणजे जाजमे, सतरंज्या, तंबू, कनाती यांचे खाते. आबांनी चार वर्षांत तिकडे पाऊल टाकले नव्हते, आणि त्यांना कोणी बोलावलेही नव्हते.

"तू नुसतं फरास लिहिलं असतंस तर मी सही घेऊन पुढं पाठवला असता," कारकून म्हणाले. ते रागावलेले नव्हते, त्यामुळे मला जास्त वाईट वाटले. "आता आवक पडली. कागद फाडता येत नाही. फरासखान्याच्या दरोग्याला लेखी विचारावं लागेल, हा इसम तुमच्याकडे काय काम करतो म्हणून. तो काय लिहील ते लिहील."

घरी येऊन मी आबांना सगळे सांगितले. मला वाटले होते ते ओरडतील. त्यांनी विचारले, "तू काय लिहिलं होतंस, ते म्हणून दाखव." मी म्हणून दाखवले. त्यांना मोडीत सहीपुरते येते, तेवढेच. ते म्हणाले, "बरं लिहिलंस. आजवर असं कुणी लिहिलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दरोग्यांकडे गेलो. म्हातारे, दमेकरी, पण खात्यात त्यांचा धाक होता. गोदामात गुंडाळलेल्या जाजमांच्या थप्प्या होत्या आणि सगळीकडे कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता. आबांना पाहून ते म्हणाले, "आइये भिया, चार साल में रास्ता मिल गया?"

आबा हात जोडून उभे राहिले. मैदानावर मी त्यांना असे उभे राहिलेले कधी पाहिले नव्हते.

"पोराचा कागद आहे," आबा म्हणाले.

"कागद आला आहे माझ्याकडे. विचारतात, हा इसम काय काम करतो. मी काय लिहू? माझ्या माणसांनी तुला एक सतरंजी उचलताना पाहिलेलं नाही. खोटं लिहिलं तर उद्या तेच मला दाखवतील." त्यांनी खोकला आवरला. "सच लिखवाना है तो सच कर. उद्यापासून ये. पाचवं वर्ष पुरं काम कर. हजेरी रोज, सामन्याच्या दिवशीसुद्धा. मग माझ्या हातानं लिहून देतो."

सामन्याच्या दिवशीसुद्धा, याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला. मैदानावरची चटई फरासखान्याचीच माणसे घालतात. त्या दिवशी त्यांना दुसरे काही करता येत नाही.

आबांचा खांदा त्या सुमारास दुखू लागला होता. आमच्या पातीने मुंबईकडचा एक उंच, वेगाने चेंडू टाकणारा तरुण आणला होता. आबांना अजून दोन हिवाळे मिळाले असते, फार तर तीन. हे मी आता लिहितो. तेव्हा मी फक्त दाखल्याचा विचार करत होतो.

आबा कामाला लागले आणि पंधरा दिवसांत पलीकडच्या पातीचा माणूस घरी आला. तो पूर्वी आबांबरोबर खेळलेला होता. त्यांचा चेंडू टाकणारा कुठेसा निघून गेला होता आणि हिवाळ्यातला दोन्ही पात्यांचा सामना तोंडावर होता. तो ओसरीवर बसून म्हणाला, "उस्ताद, फक्त रस्ता ओलांडायचा आहे. घर बदलू नका, काही नको. या हिवाळ्यात आमच्याकडं दुसरा कोणी नाही. पहिला चेंडू तुम्ही टाकायचा."

आबांनी एक दिवस मागून घेतला.

संध्याकाळी जेवताना ते आईला म्हणाले, "काय करावं म्हणतेस?"

आई म्हणाली, "इतकी वर्षं मी बोचकी बांधली. कधी विचारलंत? आजच का विचारता?"

"आज तू नाही म्हणशील, म्हणून."

"मी काही म्हणत नाही. भाकरी वाढू का?"

तेव्हा मी बोललो. ते जसे होते तसे लिहायला हवे. मी म्हणालो, "आबा, तुम्ही जा. मी कुठंतरी कारकुनी बघतो, पुढं जमलं तर शिकेन." बोललो खरे, पण अशा आवाजात की कोणत्याही बापाला हो म्हणता येऊ नये. मला ते बोलतानाच कळत होते. आबांनाही कळले असावे, कारण ते ताटाकडे पाहत थोडेसे हसले.

सकाळी ते पलीकडे जाऊन नाही सांगून आले आणि तिथून सरळ फरासखान्यात गेले. मी ओसरीवर पुस्तक उघडून बसलो होतो. एक ओळही डोक्यात शिरली नाही.

काम त्यांना सोपे गेले नाही. जाजमे उन्हात घालायची, झटकायची, पाला घालून पुन्हा गुंडाळायची. सणाच्या दरबाराला बैठका अंथरायच्या, आणि कोणाची बैठक कुठे संपते नि कोणाची कुठे सुरू होते त्यात चार बोटांचा फरक झाला तरी ओरडा खायचा. इतर फरास पहिले महिनाभर त्यांना 'खेलाडी साहब' म्हणत आणि सगळ्यात जड टोक त्यांच्याकडे देत. आबा ते उजव्या खांद्यावर घेत. डावा अजून जपत होते. मी ते पाहिले होते, पण त्याचा अर्थ विचारला नाही.

सामना टेकडीखालच्या मैदानावर झाला. मी सकाळी लवकर गेलो. आबा आणि आणखी तिघे काथ्याची चटई उलगडत होते. तिघे ओढत होते आणि आबा गुडघ्यांवर बसून तळहाताने चटई चाचपत पुढे सरकत होते. जिथे फुगवटा लागे तिथे थांबवून पुन्हा ताणायला लावत. खिळे ठोकायला त्यांनी इतका वेळ घेतला की दरोगा दोनदा ओरडले. पलीकडच्या पातीची मंडळी आली. त्यांतला तो ओसरीवर येऊन गेलेला माणूस म्हणाला, "काय उस्ताद, या खेपेला चटईकडून का?"

आबा म्हणाले, "हो. आज दोघांनाही माझ्यावरच नाचायचं आहे."

सगळे हसले, आबाही. मग खेळ सुरू झाला आणि फरास दोरीच्या बाहेर कनातीच्या सावलीत जाऊन बसले. मी थोडा लांब होतो. आमचा तो मुंबईकडचा तरुण वेगाने चेंडू टाकत होता, आणि पलीकडचे एक गृहस्थ त्याला शांतपणे खेळून काढत होते. आबांनी त्यांना पूर्वी चार वेळा तरी बाद केले असेल. ते पुढे पाय टाकताना गुडघा वाकवायचा विसरतात, हे आबांनी मला कधीचेच सांगितले होते. मी आबांकडे पाहिले. त्यांचा डावा हात मांडीवर होता, आणि बोटे हातात नसलेला चेंडू फिरवत होती. शेजारचा फरास काहीतरी सांगत होता आणि आबा मान हलवत होते, पण बोटे थांबत नव्हती. मी तिथून उठलो आणि घरी आलो. सामना कोण जिंकले ते मला संध्याकाळी पानवाल्याकडून कळले. आम्ही हरलो होतो. तो म्हणाला, "तेरे बाप को बिठा के रखा, और क्या होना था."

आबा दिवेलागणीला आले. चटईवरचे खिळे काढून, चटई झटकून, गुंडाळून, गोदामात ठेवून आले होते. आईने पाणी तापवून ठेवले होते. त्या दिवसाबद्दल ते एवढेच बोलले की चटई दिवसभरात कुठेही सरकली नाही.

मी मॅट्रिक पास झालो. पाचवे वर्ष भरले आणि दरोग्यांनी शब्दाप्रमाणे आपल्या हाताने दाखला लिहून दिला. मी तो घरी आणला तेव्हा आबा पायरीवर बसून दोराची गाठ उकलत होते. म्हणाले, वाच. मी वाचले, 'सदर इसम पाच वर्षे या खात्यात नोकरीस असून जाजमे, सतरंज्या व चटया यांचे काम नेकीने करतो.' त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले.

"तंबूचं काही नाही त्यात?"

"नाही."

"सतरंजी काय, कुणीही अंथरील. मागचे तीन महिने मी तंबू उभे करतो आहे. मोठा खांब धरायला दरोगा आता मलाच बोलावतात." ते पुन्हा गाठीकडे वळले. "लिहायला हवं होतं."

मी म्हणालो, जाऊन सांगतो, ते लिहितील. त्यांनी मान हलवली. कचेरीला एवढे पुरे आहे, म्हणाले.

शिष्यवृत्ती मला मिळाली. इंदूरला निघायच्या आदल्या दिवशी अधिकाऱ्यांचा परगण्याचा दौरा ठरला, आणि तंबू पुढे पाठवायचे म्हणून आबा दुसऱ्या पहाटेच गाड्यांबरोबर टोंकखुर्दच्या रस्त्याने गेले. जाताना त्यांनी मला उठवले नाही. आईने टांग्यात माझी वळकटी ठेवली आणि टांगेवाल्याला तीनदा बजावले की पोरगा पहिल्यांदा एकटा जातो आहे.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. आबा फरासखान्यातच आहेत. पाच वर्षे भरल्यावर ते मोकळे होते, पण पलीकडून पुन्हा बोलावणे आले नाही, धारहूनही नाही. त्यांनी त्याची वाट पाहिली का, हे मी विचारलेले नाही. सुटीत घरी जातो तेव्हा आम्ही तंबूंबद्दल बोलतो.

गेल्या महिन्यात त्यांनी शेजाऱ्यांकडून पत्र लिहवून घेतले. आईची तब्येत, शेजारच्या लग्नाची तारीख, आणि शेवटी हे, की पलीकडच्यांनी धारहून नवा माणूस आणला आहे. तोही डावखुरा. हात चांगला आहे, पण चेंडू आखूड टाकतो. कोणी दाखवून दिले तर दोन दिवसांत सुधारेल.

मी उत्तर लिहिले की तुम्हीच दाखवा. रस्ता ओलांडायला आता कशाची आडकाठी आहे. ते पत्र टाकून बारा दिवस झाले. उत्तर अजून आलेले नाही.